नोव्हा लेक, झेन ६ हे नवे प्रोसेसर येणार म्हणतात. डेस्कटॉप आत्ता घ्यावा की थांबावं?

मानेवाडा डीटीपी

नमस्कार मंडळी,

नागपुरात मानेवाडा रोडवर माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, करिझ्मा अल्बम, शाळांच्या स्मरणिका, बारशाची कार्डं. सगळं काम एकाच डेस्कटॉपवर चालतं. २०१५ मध्ये बर्डीच्या बाजारातून जुळवून घेतला होता: आय५ ४४६०, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्डडिस्क. या मशीनच्या कमाईवर दोन मुलांची शिक्षणं झाली, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. पण आता त्याचा जीव जातो. अल्बमचं बारा बाय छत्तीस इंचांचं एक पान सेव्हला टाकलं की चक्र फिरत राहतं, आणि समोर नवरदेवाचे वडील खुर्चीत बसून घड्याळ बघत असतात.

त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी तरी लागते, माझी चौथी. म्हणजे नवा डेस्कटॉप घेणं आलंच. बजेट ६० हजार, मॉनिटर जुनाच चालेल.

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, आत्ता घेऊ नका. वर्षअखेर इंटेलचं नोव्हा लेक येतंय, ५२ कोअरचं, म्हणजे एकाच प्रोसेसरमध्ये ५२ मेंदू. एएमडीचं झेन ६ पण येतंय. आत्ता घ्याल तर सहा महिन्यांत हळहळाल."

तर प्रश्न दोन. थांबण्यात खरंच अर्थ आहे का? आणि ५२ कोअर म्हणजे माझ्या कामाला नेमका किती फरक? एक अट आहे: मराठी फॉन्टच्या पॅकेजचं जुनं डोंगल (मशीनला लावायची किल्ली, ती नसेल तर फॉन्ट चालत नाही) आणि पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चाललंच पाहिजे. पंधरा वर्षांच्या पत्रिका त्यातच आहेत.

तर्री पोहे

काका, आधी रॅमचे भाव विचारून या. प्रोसेसरचं नंतर बोलू.

स्वस्तात उरकायचं असेल तर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) बोर्ड आणि डीडीआर४ रॅम. विषय संपला.

खामल्याची

विषय नाही संपत. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. काकांकडे वेगळं कार्ड नाही, म्हणजे घरी आणून वायर जोडली की पडदा काळा. कार्डाचे पैसे धरले की स्वस्ताई गेली. एएम४ वरच जायचं तर नावात शेवटी जी असलेला, ५६००जी, बघावा लागेल. एएम५ या नव्या सॉकेटवरच्या ७६०० किंवा ९६००एक्स मध्ये मात्र कामापुरतं ग्राफिक्स आतच असतं. इंटेल घेतलं तर नावाला एफ लागलेलं घेऊ नये, त्यातही पडदा चालत नाही.

माझ्या भावाच्या कोचिंग क्लाससाठी मी हीच चूक केली होती. दुसऱ्या दिवशी उन्हातान्हात परत बर्डी गाठावी लागली.

चिपवेडी

काका, मी व्हीएनआयटीची, सध्या बंगळुरूला चिप डिझाइनमध्ये आहे. तुमच्या भाच्याने सांगितलेल्या गोष्टींत पक्कं काय आणि ऐकीव काय, ते आधी वेगळं करू.

नोव्हा लेक २०२६ च्या शेवटी येणार, हे इंटेलने स्वतः सांगितलंय. एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू, हा एएमडीचा शब्द आहे. झेन ६ चा सर्व्हरसाठीचा व्हेनिस हा प्रोसेसर टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या २ नॅनोमीटर तंत्रावर बनतोय, हेही त्यांनीच जाहीर केलंय. इथपर्यंत पक्कं.

बाकीचं ऐकीव. ५२ कोअरचा हिशोब असा सांगतात: १६ मोठे, ३२ छोटे आणि ४ अगदी कमी विजेवर चालणारे. इंटेलला त्यासाठी पुन्हा नवं सॉकेट लागणार अशी चर्चा आहे. झेन ६ च्या एका चिपलेटवर (प्रोसेसरमधल्या चिपच्या एका तुकड्यावर) ८ ऐवजी १२ कोअर असतील आणि तो एएम५ वरच बसेल, असं बोललं जातंय. यातलं बरंचसं खरं निघेलही, पण त्यावर पैसे लावू नका.

आता तुमच्यापुरतं. ५२ कोअरचं असलंच तर ते सगळ्यात महाग मॉडेल असेल. ६० हजारांत अख्खा डेस्कटॉप बसवायचा तर तुमच्या वाट्याला खालचं मॉडेल येणार, आणि ती मागाहून येतात. इंटेलच्या आधीच्या पिढीच्या, एरो लेकच्या वेळी २८५के, २६५के, २४५के हे २४ ऑक्टोबर २०२४ ला आले, साध्या लोकांच्या खिशातले जानेवारी २०२५ मध्ये. वर्षअखेर म्हणजे तुमच्यासाठी पुढच्या वर्षीची संक्रांत धरा.

आणि ५२ कोअरने पत्रिका ५२ पट लवकर होत नाही. तुमच्याच धंद्यातलं सांगते. स्क्रीन प्रिंटिंगला पाच पोरं लावली तर कार्डं भराभर मांडून सुकवली जातील. पण मजकूर जुळवणारा एकच असेल तर पाचही जण त्याच्या तोंडाकडे बघत बसतील. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं आणि पेजमेकरचं बहुतेक काम त्या जुळाऱ्याचं असतं, एकामागून एक. फोटोशॉपमध्ये काही फिल्टर सगळे कोअर वापरतात, बरीच कामं नाही. म्हणून एका कोअरचा वेग बघा. तुम्ही २०१४ च्या चिपवरून येताय. आज दुकानात असलेला सहा कोअरचा साधा प्रोसेसरही तुम्हाला मोठी झेप देईल.

मानेवाडा डीटीपी

ताई, जुळाऱ्याचं उदाहरण एकदम पोचलं. मी सुरुवात केली तेव्हा इतवारीत खिळे जुळवणारे होते, त्यांच्या हाताखाली शिकलो.

अजनी लोको

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. प्रोसेसरची पिढी बघण्याआधी सॉकेट बघा.

२०१७ मध्ये मी रायझन ५ १६०० घेतला, बी३५० बोर्डवर. २०२४ मध्ये त्याच बोर्डवर ५७००एक्स३डी बसवला. मधल्या काळात रॅम तीच, कॅबिनेट तेच, विंडोजसुद्धा पुन्हा टाकावी लागली नाही. फक्त बायोस, म्हणजे बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. ते करतानाचे पाच मिनिटं मात्र विसरणार नाही. टक्केवारी साठच्या आसपास असताना लाईट गेली. घराला इन्व्हर्टर होता म्हणून बोर्ड वाचला. तेव्हापासून ज्याला त्याला सांगतो, बायोसला हात लावण्याआधी यूपीएसची बॅटरी तपासा, आणि जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करा, नंतर नाही.

इंटेलकडे हे सुख मिळालं नाही. १७०० च्या सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या तरी चालल्या. १८५१ वर एरो लेक आला आणि आता नोव्हा लेकसाठी दुसरं सॉकेट म्हणतात. म्हणजे आज १८५१ चा बोर्ड घेणाऱ्याला पुढे मोठी उडी मारायला वाव नाही. काकांनी आज एएम५ चा बरा बोर्ड आणि साधा प्रोसेसर घेतला, तर झेन ६ दोन वर्षांनी स्वस्त झाल्यावर त्याच जागी बसवता येईल, एएमडीने शब्द पाळला तर. एएम४ ला त्यांनी पाळला, एवढं मी स्वतः पाहिलंय.

चिपवेडी

+१. आणि जुन्या बाजारातून इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा, नावात शेवटी के असलेला प्रोसेसर कोणी स्वस्तात देत असेल तर जपून. त्यातल्या वरच्या मॉडेलांना जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होत होते, इंटेलने ते मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. आधीच्या मालकाने बायोस केव्हा अपडेट केलं होतं, हे तुम्हाला कोण सांगणार?

तर्री पोहे

मी रॅमचं का म्हटलं ते सांगतो. मागच्या दिवाळीआधी ज्या पैशात ३२ जीबी डीडीआर५ घेतली, त्या पैशात आता १६ पण येत नाही. रॅम बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे चाललाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग थांबलात आणि प्रोसेसर नवा आला तरी त्याच्यासोबतची रॅम केवढ्याला पडेल?

वऱ्हाडी बाणा

सगळे कोअर मोजून राहिले, खोली कोणीच नाही मोजून राहिलं.

भाऊ, हे नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. रिव्ह्यूवाले एसीच्या खोलीत २२ अंशांत प्रोसेसर तपासतात आणि सांगतात, ७५ च्या वर जात नाही. आता तोच प्रोसेसर दुपारी तीन वाजता पत्र्याखालच्या दुकानात ठेवा. खोली ४० ची. पंख्याने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नसते, खोलीच्या वर जेवढा चढायचा तेवढा चढतेच. २२ वर ७५ म्हणजे ५३ चा चढ. ४० वर तो ९३ ला जाते. रायझन ९००० ची हद्द ९५ ची आहे. त्याच्यानंतर तो स्वतःच वेग कमी करते. पैसे दिले पाच गिगाहर्ट्झचे, मिळते कमी.

म्हणून मी मंगळसूत्र पाहावं तसं वॅट पाहतो, आधी वजन मग डिझाइन. ९६००एक्स ठरलेल्या सेटिंगवर ८८ वॅटपर्यंत जाते. १४९००के २५३ वॅटपर्यंत जाते. मे महिन्यात दुकानात २५३ वॅट म्हणजे कुलर एका बाजूने थंड करते अन् मशीनचा डबा दुसऱ्या बाजूने तापवते.

आणखी एक. डबा कुलरसमोर ठेवू नका. माझ्या साळ्याचा डबा नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) दर अर्ध्या तासाने बंद पडे. मी बाजूचं झाकण काढलं. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये वाळ्याच्या काड्या अडकलेल्या, त्यावर धूळ ओली होऊन वाळून लिंपल्यासारखी बसलेली. पंख्याच्या पात्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. हीटसिंक उचलला तर खालची पेस्ट खडूसारखी, नखाने भुगा झाला. शंभर-दीडशेची पेस्ट अन् एक ब्रश. त्यानंतर मशीन पूर्ण उन्हाळाभर चालली.

झिरो माईल

पाऱ्यावरून आठवलं. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश झाले म्हणून सगळीकडे बातमी फिरली होती. नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. मदरबोर्डवरच्या सेन्सरचंही तसंच. एखादा आकडा अचानक ११५ दाखवत असेल तर घाबरून प्रोसेसर बदलू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरने ताडून बघा, हीटसिंकला हात लावून बघा.

फुटाळा

कोणी मॅक मिनीचं नाव काढलं नाही? एम४ चा मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, १६ जीबीसह ५९,९०० ला. काकांचं बजेट तेवढंच. वीज अगदी कमी खातो, तापत नाही, आवाज नाही. मी व्हिडिओ एडिटिंग त्यावरच करतो. एम५ ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅकबुक प्रोत आलाय, त्यामुळे मिनीतही येईल असं वाटतं.

मानेवाडा डीटीपी

फुटाळा भाऊ, मुलीकडे मॅकबुक आहे, मशीन देखणं आहे यात वाद नाही. पण माझं पेजमेकर ७ आणि फॉन्टचं डोंगल विंडोजवरच चालतं. दर दुसरा गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, "मोठ्या मुलाच्या लग्नात केली होती तशीच करा, फक्त नावं बदला." ती जुनी फाइल उघडली नाही तर मी त्याला काय सांगू? युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी दिसते ती आजची पद्धत) नव्हतं तेव्हाचे फॉन्ट आहेत. डोंगल नसेल तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

खामल्याची

हे खरं आहे. माझ्या वडिलांचा कवितासंग्रह अशाच फॉन्टमध्ये अडकून पडलाय. टाइप करणारं दुकान बंद झालं. फाइल आहे, वाचता येत नाही.

मानेवाडा डीटीपी

खामल्याची ताई, फाइल मला मेल करा. त्या काळातले बहुतेक फॉन्ट माझ्याकडे आहेत. उघडली तर युनिकोडमध्ये बदलून देतो. पैशाचं बोलू नका.

कॉटन मार्केट

एक कळकळीची सूचना. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या.

चार वर्षांपूर्वी मी एका दुकानातून घेतला. दुकानाचं नाव घेत नाही. त्याने सुटा, नुसत्या प्लास्टिकच्या खोक्यातला प्रोसेसर दिला. "सर, सेम टु सेम, दोन हजार वाचले तुमचे." चौदाव्या महिन्यात मशीन उठेना. कंपनीच्या साइटवर नंबर टाकला तर तो ट्रेचा माल. म्हणजे मोठ्या उत्पादकांना थप्पीने विकतात तो. त्याची ग्राहकाला कंपनीकडून वॉरंटी नसते, विकणाऱ्यानेच द्यायची. दुकानदार आधी उद्या या म्हणाला, मग फोन उचलेना. डब्यातल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी दोघेही तीन वर्षं देतात. दोन हजारांसाठी माझे चौदा हजार गेले. त्यात मुलीची ऑनलाइन परीक्षा होती. शेजाऱ्यांच्या घरी जाऊन द्यावी लागली, ते अजून डाचतं.

डब्यावरचा नंबर आणि प्रोसेसरवरचा नंबर दुकानातच जुळवा आणि तोच बिलावर लिहून घ्या. जीएसटी १८ टक्के द्यायचाच आहे तर पक्कं बिल हक्काने मागा.

गोकुळपेठ

अवांतर आहे, पण राहवत नाही. इतके कोअर-कोअर चाललंय म्हणून. खूप छोटे प्रोसेसर एकत्र जोडून मोठं काम करून घ्यायचं, हे आपल्या माणसाने १९९१ मध्ये करून दाखवलंय. परम ८०००. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि अभियांत्रिकी शिकले ते आपल्या नागपुरात, विश्वेश्वरय्या कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. तेव्हा बाहेरून महासंगणक मिळेना, मग पुण्यात सी-डॅकने ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकींना जोडून तो बांधला.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. वर्गात ते वाचून दाखवताना गळा दाटून आला होता. मुरंब्याचं नाव फळ्यावर लिहिलं होतं.

चिपवेडी

बाई, आमच्या कॉलेजात भटकर सरांचं नाव अजून तसंच घेतात. आणि हे अवांतर नाहीच मुळी. परमच्या वेळी जी अडचण होती तीच ५२ कोअरची आहे. प्रोसेसर जोडणं एक काम आणि त्यांच्यात काम वाटून देणारं सॉफ्टवेअर लिहिणं दुसरं. दुसरं जास्त अवघड. पेजमेकर ७ हे २००१ चं. ते लिहिलं तेव्हा टेबलावरच्या डब्यात एकच कोअर असायचा. त्याला वाटून घेणं ठाऊकच नाही.

पुण्याचा भाचा

मामा, धागा सापडला. मीच तो भाचा. आजच सदस्य झालो.

माझं म्हणणं एवढंच होतं की नवं आलं की जुन्याचे भाव उतरतात. ५२ कोअर घ्या असं नव्हे. नोव्हा लेक आणि झेन ६ आले की ९००० मालिका आणि एरो लेक स्वस्त होतील, तेव्हा घ्या.

अजनी लोको

ये ये, स्वागत आहे. तुझा मुद्दा प्रोसेसरपुरता बरोबर आहे. पण साठ हजारांच्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर पंधरा-वीस हजारांचा. त्यात दोन-तीन हजार वाचले आणि तोवर रॅम-एसएसडीत पाच हजार वाढले, तर मामांच्या हाती काय आलं?

इतवारी रिपेअर

दोन दिवस वाचतोय. मी वीस वर्षं हीच मशीनं उघडतो. नवीन घ्या म्हणणं सोपं आहे, पण मला एक कोडं पडलंय. ४४६० चार कोअरचा आहे, इतका मेलेला नसतो. भाऊ, दोन गोष्टी बघून सांगा. 'धिस पीसी' वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे विंडोज ३२ बिट लिहिलंय की ६४? आणि रॅमच्या पुढे कंसात काही लिहिलंय का?

मानेवाडा डीटीपी

३२ बिट लिहिलंय. रॅम ८ जीबी, कंसात ३.४१ जीबी यूजेबल.

इतवारी रिपेअर

मग सापडलं. ३२ बिटची विंडोज १० चार जीबीच्या वर रॅम बघतच नाही. अकरा वर्षं तुम्ही निम्म्याहून कमी रॅमवर काम करताय. डोंगलच्या ड्रायव्हरमुळे कोणीतरी तेव्हा ३२ बिट टाकून दिलं असणार. मी पण तेव्हा अशी कितीतरी मशीनं करून दिली, कारण जुने ड्रायव्हर ६४ वर चालतच नसत.

आणि हे नव्या मशीनआधी कळलं ते बरं झालं. विंडोज ११ मध्ये ३२ बिट हा प्रकारच नाही. डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर नसेल तर नोव्हा लेक आणा नाही तर झेन ६, तुमचा फॉन्ट उठणार नाही. आधी फॉन्टवाल्या कंपनीला फोन करा.

चिपवेडी

इतवारी काका, सलाम. मी प्रोसेसरच्या पिढ्या सांगत बसले आणि हे विचारलंच नाही.

हिशोब करून बघितला. बारा बाय छत्तीस इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३६०० गुणिले १०८००, ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट. एका लेअरला साधारण १११ एमबी. नवरा-नवरी, मागचं दृश्य, फुलांची चौकट, सावल्या असे वीस लेअर झाले की दोन जीबीच्या वर. ३.४१ मधून विंडोजचं आणि उघड्या कोरलचं वजा केलं की जागाच उरत नाही. मग फोटोशॉप ते सगळं हार्डडिस्कवर उतरवून ठेवतं आणि पुन्हा उचलतं. नवरदेवाचे वडील घड्याळ बघतात ते त्यामुळे. प्रोसेसर बिचारा तेव्हा रिकामा बसलेला असणार.

मानेवाडा डीटीपी

मंडळी, बारा दिवसांनी येतोय. सगळं सांगतो.

फॉन्टवाल्यांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी डोंगलवरचा नंबर विचारला आणि त्याच संध्याकाळी ६४ बिटचा ड्रायव्हर मेलवर पाठवला. इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

रविवारी इतवारी भाऊंना विचारत विचारत मशीन उघडलं. ४८० जीबीची साटा एसएसडी घातली, हार्डडिस्क फक्त साठवणीला ठेवली. सगळ्या फाइलींची आधी दोन ठिकाणी कॉपी केली. ६४ बिटची विंडोज १० नव्याने टाकली. लायसन्स तेच चाललं, वेगळे पैसे लागले नाहीत. फोटोशॉपही ६४ बिटचं टाकलं. मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू या वाढीव अपडेटच्या योजनेत नोंद केली, त्यामुळे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येत राहतील. हीटसिंकखाली बाणा भाऊंनी सांगितला तसाच खडू निघाला. पेस्ट बदलली.

मग डोंगल लावलं. आधी काहीच झालं नाही. पोटात गोळा आला. दुसऱ्या पोर्टला लावलं तर हिरवा दिवा लागला. २०११ ची एक पत्रिका उघडली. पडद्यावर गणपती, त्याखाली श्लोक, वेलांटी-उकारासकट. मी बायकोला दुकानात बोलावून दाखवलं.

तेच अल्बमचं पान: आधी सेव्हला ४ मिनिटं १० सेकंद, आता ३८ सेकंद. काम चालू असताना प्रोसेसर ८८ वर जायचा, आता ६३.

वऱ्हाडी बाणा

जिंकले भाऊ!

खामल्याची

काकांनी बाबांच्या ४३ कविता युनिकोडमध्ये करून पाठवल्या. दोन ठिकाणी रफार गळाला होता, तोही त्यांनी हाताने लावला. बाबांनी काल रात्री सगळ्या मोठ्याने वाचल्या.

पुण्याचा भाचा

भारीच, मामा! म्हणजे आता थांबायला हरकत नाही. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, नोव्हा लेक बघून ठरवा.

गोकुळपेठ

अरे, पण त्यांच्या धंद्याचं पंचांग बघ. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. लग्नं नाहीत, तेव्हा ते मोकळे. ईएसयू संपतं १३ ऑक्टोबरला, २० ला दसरा, ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, मग तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची झुंबड. नोव्हा लेक नेमकं त्या गर्दीत येणार. हंगामात कोणी मशीन बदलतं का? स्वयंपाक अर्धा झाल्यावर चूल हलवण्यासारखं आहे ते.

मानेवाडा डीटीपी

बाई, हेच डोक्यात घोळत होतं. तर ठरवलं ते असं. अधिक महिन्यात घाई करणार नाही, तेव्हा फक्त जुन्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये घेत राहीन. पोळ्यापर्यंत रॅमचे भाव बघेन. उतरले नाहीत तरी गणपतीआधी एएम५ चा बोर्ड, ६५ वॅटवाला सहा कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबीची एकच पट्टी घेईन, दुसरी जागा मोकळी ठेवून. सीलबंद डबा, नंबर बिलावर. पितृपक्षात कोणी पत्रिका छापायला येत नाही, तेव्हा सगळं त्यावर हलवायचं आणि डोंगल तपासायचं. झेन ६ एएम५ वर आलाच आणि दोन वर्षांनी परवडला तर बसवू. जुनं मशीन नेटशिवाय, फक्त पेजमेकरसाठी कोपऱ्यात राहील.

तर्री पोहे

म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा, बर्डीवर जाताना म्हणायचं, महाग रॅमची इडा पिडा घेऊन जा गे मारबत!

अजनी लोको

बोर्ड घेताना बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला घ्या. पुढे झेन ६ साठी बायोस बदलायची वेळ आली तर जुना प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून करता येतं. आणि यूपीएस.

वऱ्हाडी बाणा

भाऊ, ६३ हे आताचं. नवतप्यात दुपारी तीनला पुन्हा मोजून टाका. खोलीचं तापमान पण सोबत लिहा, नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.

मानेवाडा डीटीपी

नक्की. थर्मामीटर आणलाय, डब्याच्या वर भिंतीला लावलाय. कुलर दुसऱ्या खिडकीत हलवला.